मदत हवी आहे : बीब्रिखचं हेकेल घराणं
नमस्कार मंडळी. माझी लेक फ्रँकफर्टला बासून (फुंकून वाजवायचं लांब, खर्जातलं लाकडी वाद्य) शिकते. तिच्यासाठी हेकेल घराण्याच्या वाद्यांच्या कारखान्याचा इतिहास मराठीत लिहून काढतेय. १८३१ साली योहान आडाम हेकेल आणि कार्ल आल्मेनरेडर यांनी जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी, वीसबाडेनजवळच्या बीब्रिखला त्याची सुरुवात केली. पुढे मुलगा विल्हेल्म, मग नातवंडं. १९०४ चा हेकेलफोन (खर्जातलं, ओबोसारखं फुंकवाद्य) त्यांचाच, पुढच्याच वर्षी रिचर्ड श्ट्राउसच्या 'सालोमे' ऑपेरात वाजला. आणि फुंकरीच्या ओलीनं बासूनचं मेपलचं लाकूड कुजू नये म्हणून त्याच्या अरुंद नळीला आतून कडक रबराचं अस्तर! लेकीच्या वाद्यात बोट घातलं की ते गुळगुळीत लागतं.

घरातल्या बायकांचा या कामात काय वाटा होता, ते मला शोधायचंय. वीसबाडेन-माइन्त्सकडे कोणी राहतं का? जुनं जर्मन हस्ताक्षर वाचता येत असेल तर फारच बरं. कृपया कळवा.