मदत हवी आहे : जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर टेलला (शेवटच्या टोकाला) जमीन, शेतकऱ्यांची बंद पडलेली पाणीवापर संस्था पुन्हा उभी करावी का?

सस्नेह नमस्कार.

मी नोकरीनिमित्त नेरुळला राहतो. आमची वडिलोपार्जित पावणेचार एकर जमीन परभणी जिल्ह्यातील मानवत तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. वडिलांच्या पश्चात ती माझ्या आणि चुलत भावाच्या नावावर झाली. कसतो तोच; मी हंगामाच्या तोंडावर बी-बियाण्याचे पैसे पाठवतो आणि सुट्टी मिळाली की जाऊन येतो. रब्बीच्या आधी काय ते ठरवू, असे तो म्हणतो आहे, आणि ते ठरवण्याइतकी माहिती आम्हा दोघांकडेही नाही.

अडचण नेमकी कुठे आहे ते आधी सांगतो. सातबाऱ्यावर जमीन भिजणारी आहे, प्रत्यक्षात ती लघुवितरिकेच्या (कालव्याच्या लहान शाखेच्या) अगदी शेवटच्या चारीवर (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या पाटावर) आहे. पाळी, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सोडले जाणारे पाणी, सुटल्याची बातमी गावात येते, वरच्या शिवारात उसाला दोनदोनदा पाणी बसते आणि आमच्याकडे पाणी भिडायच्या आत कालवा बंद होतो. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरलेला असो की अर्धा, आमच्या चारीला फारसा फरक पडत नाही.

वर्तमानपत्रांतून जायकवाडीचा वाद आपण वाचतो तो नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा. त्याचे महत्त्व मला मान्यच आहे. धरणाचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), १५ ऑक्टोबरला तो ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने ठरले. २०२३ साली साठा निम्म्याहूनही कमी होता, तेव्हा ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला आणि त्यावरून दोन्हीकडे आंदोलने झाली. पण पैठणहून निघालेल्या २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्यावर हेडचा (सुरुवातीचा) आणि टेलचा शेतकरी यांच्यात रोज जे चालते, त्याबद्दल कुणी उपोषणाला बसत नाही, कारण दोन्हीकडे आपलीच माणसे, बहुतेकदा सोयरेच असतात. डाव्या कालव्याचे नियोजित लाभक्षेत्र १,४१,६४० हेक्टर आहे. त्यातले खरोखर भिजते किती, हे ठरते ते धरणावर नव्हे, चारीच्या तोंडाशी, असे माझे मत होत चालले आहे.

गेल्या दिवाळीत मी भावाबरोबर लघुवितरिकेच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेलो. आमची जमीन खोल काळी असल्याने ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अस्तरीकरणाखाली मुरमाचा पुरेसा थर नसेल तर काँक्रीट तडकते, आणि तसेच झाले आहे. फुटलेल्या सांध्यांतून बाभळी उगवल्या आहेत. आमच्या विमोचकाच्या (चारीत पाणी सोडण्याच्या तोंडाच्या) लोखंडी दाराचा दांडा वाकलेला असून दार अर्धवट उचललेल्या अवस्थेत अडकले आहे. खालच्या फटीत कुणीतरी चिखलाने भरलेले पोते कोंबले आहे. पाणी मोजण्यासाठी बांधलेल्या कुंडीत गुडघाभर गाळ आहे आणि गेजपट्टीवरचे आकडे पुसून गेले आहेत. ही कुंडी पाहिल्यावरच मला संस्थेचा विचार सुचला, कारण पाणी मोजून घेण्याचा अधिकार कागदावर जिच्याकडे आहे ती पाणीवापर संस्थाच.

आमच्या लघुवितरिकेवर अशी संस्था आहे. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याबाबतचा २००५ चा कायदा आल्यानंतर, जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यात जलक्षेत्र सुधार प्रकल्प राबवला गेला, त्या काळात ती स्थापन झाली. आज शिक्का आणि एक जुने दप्तर एवढेच तिचे अस्तित्व. कायदा वाचला तर तो टेलवाल्यांच्या बाजूचा वाटतो : पाणी घनमापन पद्धतीने (घनफळ मोजून) संस्थेला मिळावे, कोट्याच्या आत पीक कोणते घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवावे, संचालक मंडळात मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे अशा तिघांनाही प्रतिनिधित्व असावे. नाशिकच्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी असे व्यवस्थापन खरोखर करून दाखवले, हेही ठाऊक आहे. परंतु वाघाड हा मध्यम प्रकल्प. तिथले शेतकरी संपूर्ण धरणाचे नियोजन एकत्र बसून करू शकतात. आमच्या आणि पैठणच्या मध्ये शेकडो चाऱ्या आहेत. इथे नेरुळमध्ये मोरबे धरणाचे पाणी शेवटच्या मजल्यावर चढले नाही तर सोसायटीची कमिटी खाली जाऊन व्हॉल्व्ह पाहते. तसे शंभर-सव्वाशे किलोमीटर वरचा व्हॉल्व्ह पाहायला आम्ही कुणाला पाठवणार?

आता नेमकी मदत. मोठ्या प्रकल्पावर, विशेषतः जायकवाडी, माजलगाव, मुळा किंवा उजनीच्या लाभक्षेत्रात, बंद पडलेली संस्था कुणी पुन्हा चालू केली असेल तर पहिले पाऊल काय होते, ते कृपया लिहावे. निवडणूक आधी मागायची, की लघुवितरिकेची दुरुस्ती आणि कुंडीची मोजणी आधी पदरात पाडून घ्यायची? दुरुस्तीआधी ताबा घेतलेल्या संस्था पुढे मोडकी चारी आणि पाणीपट्टीचा तगादा अशा दुहेरी कात्रीत सापडल्या, असे गावात ऐकायला मिळते. ते कितपत खरे? जुन्या सभासदांची थकबाकी नव्या मंडळाच्या डोक्यावर बसते का, की ती व्यक्तिगत खात्यावरच राहते? शेजपाळी, म्हणजे शेतांना एकापाठोपाठ पाणी देण्याचा क्रम, टेलकडून हेडकडे चालवायची असा नियम सांगितला जातो. तो पाळला जावा म्हणून रात्रपाळीला वरच्या दारांवर माणसे बसवण्यावाचून दुसरा काही उपाय कुणाच्या अनुभवात आहे का? आणि कालव्यात थेट मोटारी टाकून होणाऱ्या उपशाबद्दल संस्थेने लेखी तक्रार केली तर गावातले संबंध सांभाळून ती कशी करावी, हेही जाणत्यांनी सांगावे.

भावाचा दुसरा पर्याय साधा आहे. कालव्याच्या पाण्यासाठी नमुना सातचा मागणी अर्ज एकट्याने भरत राहायचा, मिळाले तर मिळाले, आणि उरलेला पैसा विहीर खोल करून ठिबक टाकण्यात घालायचा. तो चुकीचे बोलतो आहे असे मला वाटत नाही. मात्र कालव्याचे पाणी आमच्यापर्यंत आलेच नाही तर विहिरीला पाझर कुठून येणार, हा माझा त्याला प्रश्न आहे. ज्यांनी दोन्ही केले आहे त्यांनी खर्चाचा अंदाज दिल्यास फार उपकार होतील.

कालवा सल्लागार समितीची बैठक साधारण ऑक्टोबरच्या मध्यास होते आणि त्यानंतर रब्बीच्या पाळ्या जाहीर होतात. त्याआधी टेलच्या खातेदारांची एक बैठक गावात घ्यावी असा विचार आहे. त्या बैठकीत ठेवण्यासाठी ठरावाचा किंवा अर्जाचा नमुना कुणाकडे असल्यास नावे झाकून इथेच टाकावा. दप्तरातील कोणती कागदपत्रे आधी शोधायची तेही सांगावे, म्हणजे भावाला ती काढून ठेवायला कळवतो.