निर्दोष सुटकेवर अपील: वरचं कोर्ट पुरावा पाहतं
दादा, 'आरोपी सुटला की वरचं कोर्ट साक्षी पुन्हा वाचतच नाही' असं वर लिहिलंय तुम्ही. तसं नाही हो. अपिलात सगळा पुरावा नव्यानं तपासायचा पूर्ण अधिकार असतो. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, १९३४ मध्येच शिव स्वरूप प्रकरणात तो मान्य केला.

अडचण वेगळीच आहे. आरोपी मुळात निर्दोष धरलेला, त्यात खालच्या कोर्टानंही सोडलेलं. म्हणजे ते गृहीतक दुप्पट पक्कं. पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील आणि खालच्या कोर्टानं घेतलेला अर्थ शक्य कोटीतला असेल, तर वरचं कोर्ट हात लावत नाही. सुप्रीम कोर्टाचा २००७ चा चंद्रप्पा निकाल जरूर वाचा, हे सगळं त्यात आहे.

माझ्या मावसभावाला नागपूरच्या सक्करदऱ्यात लोखंडी रॉडनं मारलं, तेव्हा हे शिकलो. 'मला वाटतं तो दोषी आहे' एवढ्यानं भागत नाही. जखमी साक्षीदाराची साक्ष कोर्टानं कुठे डावलली, डॉक्टरांचा दाखला कुठे वाचलाच नाही, ते पान काढून दाखवावं लागतं. लय जीव खाणारं काम आहे.

आणि सरकार अपील करत नाही म्हणून थांबू नका. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला स्वतःचा हक्क आहे, त्याला वेगळी परवानगीही लागत नाही. मॅजिस्ट्रेटनं सोडलं असेल तर तुमचं अपील सेशन्स कोर्टात, सेशन्सनं सोडलं असेल तर सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. रिव्हिजन, म्हणजे निकाल फक्त फेरतपासायचा अर्ज, मात्र करू नका. त्यात सुटका थेट दोषी ठरवण्यात बदलता येत नाही. निकालाची प्रमाणित प्रत उद्याच मागा.