मागचा हाइट सेन्सर बदलल्यापासून हेडलाइट खालीच राहतात. मॉड्यूल बदलण्याआधी काय तपासावे?

वाटसरू (प्रश्न):
माझ्या गाडीला झेनॉन हेडलाइट असून त्यांचा झोत भारानुसार आपोआप वरखाली होतो. गेल्या महिन्यात मागच्या डाव्या चाकाचा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बदलावा लागला. गाडीची मागची बाजू किती बसली हे मोजणाऱ्या हाइट सेन्सरला आर्मशी जोडणारी लिंक रॉड गंजून तुटलेली असल्याने त्याच वेळी ती आणि हाइट सेन्सर, दोन्ही नवे बसवून घेतले. तेव्हापासून लो बीमचा उजेड गाडीपुढे जेमतेम 12 मीटरवर संपतो आणि डॅशबोर्डवरचा लेव्हलिंगचा पिवळा दिवा विझत नाही. फॉल्ट कोड पुसला तरी इग्निशन पुन्हा चालू करताच तो परत येतो. गॅरेजमध्ये दोन्ही दिव्यांचे स्क्रू वर फिरवून दिले, त्यामुळे उजेड थोडा लांब पडू लागला, पण मूळ दोष तसाच आहे. आता दिव्यांची उंची ठरवणारे नियंत्रण मॉड्यूल बदला असे सांगितले जात आहे. इग्निशन चालू केल्यावर दोन्ही दिवे खाली जाताना दिसतात, मात्र वर येत नाहीत. खर्चात पडण्याआधी मी स्वतः काय तपासू शकतो?

तारजोड:
मॉड्यूलला इतक्यात हात लावू नका. इग्निशन चालू होताच दिवे खाली जातात, याचा अर्थ मॉड्यूल आज्ञा देत आहे आणि दोन्ही मोटरी ती पाळत आहेत. प्रत्येक वेळी मोटरी एका टोकाला जाऊन आपली जागा निश्चित करतात आणि मग सेन्सरच्या सांगण्यानुसार वर येतात. सेन्सरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नसेल, तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून बहुतेक मॉड्यूल दिवे मुद्दाम खालीच धरून ठेवतात. तुमचे मॉड्यूल नेमके हेच करत असावे.

मल्टिमीटर असल्यास सेन्सरचा कनेक्टर न काढता मागच्या बाजूने पिन लावून व्होल्टेज मोजा. एका तारेवर 5 व्होल्ट, दुसरीवर ग्राउंड आणि तिसरीवर सिग्नल, अशी साधारण मांडणी असते. गाडी सपाट जागी रिकामी उभी असताना सिग्नल अडीच व्होल्टच्या आसपास अपेक्षित आहे, आणि तो 0.5 ते 4.5 च्या बाहेर गेला की मॉड्यूल त्याला तार तुटल्याचे किंवा शॉर्ट झाल्याचे लक्षण मानते. त्यानंतर लिंक सोडवून सेन्सरची दांडी हाताने सावकाश फिरवा. आकडा उड्या न मारता सलग बदलला, तर सेन्सर ठीक आहे. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढला आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या. चाकामागच्या चिखलपाण्यात ते नेहमीचेच आहे.

वाटसरू:
आज मोजमाप केले. पुरवठा 5.02 व्होल्ट, ग्राउंड व्यवस्थित, पिना स्वच्छ. सिग्नल मात्र 4.81 वर खिळलेला आहे आणि डिकीवर जोर देऊन गाडी दाबली तरी हलत नाही. लिंक सोडवून दांडी फिरवल्यावर तोच आकडा 0.6 पासून वर अगदी सलग चढला. मग सेन्सर चांगला असूनही आकडा चुकतो कसा?

जॅकस्टँड:
कारण सेन्सर चांगला आहे, पण त्याची दांडी बहुधा उलट्या बाजूला दुमडली आहे. दांडी आणि लिंक रॉड मिळून हाताच्या कोपरासारखा कोन करतात. आर्म बदलताना गाडी जॅकवर असते, चाक पूर्ण खाली लोंबते आणि हे कोपर जवळजवळ सरळ होते. गाडी खाली उतरवताना ते कोणत्या बाजूला दुमडेल याचा नेम नसतो.  नवी दांडी मोकळी फिरते, त्यामुळे नवा भाग बसवताना हा घोटाळा होऊ शकतो. गाडीखाली पाहा आणि कोपराची दिशा दुरुस्ती पुस्तिकेतल्या आकृतीशी ताडून घ्या.

ही दिशा दुरुस्त होईपर्यंत स्कॅनरने कॅलिब्रेशन करण्याचा मोह टाळा. कॅलिब्रेशन म्हणजे 'आत्ताची स्थिती शून्य समज' एवढेच मॉड्यूलला सांगणे. भार वाढल्यावर आकडा कोणत्या दिशेला जायला हवा, हे त्यातून मॉड्यूलला कळत नाही. समजा, दोन धुऱ्यांमधले अंतर 260 सेंटिमीटर आहे आणि सामानामुळे मागची बाजू 5 सेंटिमीटर बसली, तर गाडीचे नाक जवळपास 1.9 टक्के वर उचलले जाते. लो बीमचा नेहमीचा झुकाव खाली 1 टक्का असतो, म्हणजे झोत आता सुमारे 0.9 टक्के वर रोखलेला आहे. यंत्रणेने तो खाली आणायचा असतो. दांडी उलटी असेल आणि कॅलिब्रेशन कसेबसे स्वीकारले गेले असेल, तर यंत्रणा तो आणखी वर नेईल. तुमचे मॉड्यूल कुरकुर करते आहे हे तुमचे नशीबच म्हणायचे. निमूटपणे उलट वागणारी गाडी मी पाहिली आहे आणि तिचा दोष सापडायला फार वेळ गेला.

आणखी एक शंका: नव्या आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट चाक लोंबत असतानाच पक्के आवळले होते का? तसे असेल तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते, ती बाजू थोडी उंच राहते आणि पुढे हळूहळू बसते. मग आज केलेले कॅलिब्रेशन काही आठवड्यांत चुकीचे ठरते. बोल्ट सैल करून गाडीचा भार चाकांवर असतानाच ते पुन्हा आवळून घ्या.

तारजोड:
सहमत. क्रमाबद्दल थोडे सांगतो. आधी टायरची हवा, रिकामी डिकी, सपाट जमीन आणि पुस्तिकेत सांगितलेला भार, मग कॅलिब्रेशन आणि दिव्यांचे स्क्रू अगदी शेवटी. तुमचे स्क्रू आधीच फिरवले गेले आहेत, त्यामुळे सेन्सर सुधारताच झोत एकदम वर जाईल. त्या रात्री तसेच रस्त्यावर जाऊ नका. तसेच, स्वस्तातले साधे कोड-रीडर बहुधा फक्त इंजिनाशी बोलतात. लेव्हलिंगच्या मॉड्यूलपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागेल.

वाटसरू:
कोपर खरोखरच पुढच्या बाजूला दुमडलेले होते. आकृतीत ते मागे आहे. लिंक सोडवून दांडी योग्य बाजूला घेतली आणि सिग्नल 2.43 व्होल्टवर आला. बुशचे बोल्टही सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना आवळले. त्यावेळी बारीक 'कट' असा आवाज होऊन ती बाजू किंचित खाली आली. दोन दिवस गाडी चालवून मग कॅलिब्रेशन केले. ते पहिल्याच प्रयत्नात स्वीकारले गेले आणि पिवळा दिवा विझला.

स्क्रूंबद्दलचा इशारा तंतोतंत खरा ठरला. 10 मीटरवरच्या भिंतीवर उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षाही वर दिसत होती. दिव्यांचा मध्य जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर आहे, म्हणून भिंतीवर 55 सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावली आणि दोन्ही दिवे तिथवर खाली आणले. नंतर डिकीत वजन ठेवले, तेव्हा कड आधी वर चढली आणि काही क्षणांत पट्टीच्या 2 सेंटिमीटरच्या आत परत आली. आता एकच गोष्ट राहिली आहे: खड्ड्यातून जाताना उजवा झोत थरथरतो, डावा थरथरत नाही. हाही सेन्सरचाच दोष मानावा का?

जॅकस्टँड:
नाही. मागच्या एकाच सेन्सरवर दोन्ही दिवे चालत असतील, तर त्याचा दोष दोघांतही दिसला असता. स्क्रू जास्त फिरवला की मोटरच्या टोकाचा गोळा रिफ्लेक्टरच्या प्लास्टिकच्या खाचेतून अर्धवट निसटतो. मागचे झाकण काढून रिफ्लेक्टर बोटाने हलकेच ढकलून पाहा. तो डुगडुगत असेल, तर गोळा 'टक' होईपर्यंत खाचेत बसवा आणि त्या एका दिव्याची उंची भिंतीवर पुन्हा जुळवून घ्या.