पुन्हा एफवायला बसू की थेट एमए करू? तुमचे अनुभव हवेत

मी नाशिकची. २०१४ला बीकॉम झाले, तेव्हापासून हिशेबाचं काम करते. टॅली, जीएसटी, मार्चअखेर. कामाबद्दल तक्रार नाही. पण गेली चार वर्षं रविवारी एका समुपदेशन केंद्रात जाते, फोन घेते, नोंदी ठेवते, आणि आता मला मानसशास्त्र नीट शिकायचंय. वय ३२, मुलगी पाच वर्षांची.

दोन वाटा दिसतात. मानसशास्त्र घेऊन पुन्हा बीए, किंवा कुठल्याही पदवीवर प्रवेश देणारं एमए शोधायचं. सासूबाई म्हणतात, एक डिग्री आहे ना, मग परत खालच्या वर्गात कशाला? नवऱ्याचं मत एमएच कर, दोन वर्षांत मोकळी होशील. केंद्रातल्या मॅडम म्हणतात, पाया हवा. मी सगळ्यांचं ऐकून दमलेय. ज्यांनी प्रत्यक्ष यातलं काही केलंय त्यांनी लिहा. विषय कुठलाही असू दे. फी, वेळ, घरचं, काय हाती लागलं आणि काय नाही.

बोईसर

बीएस्सी केमिस्ट्री करून तारापूर एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात अकरा वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. ३४व्या वर्षी हाच प्रश्न पडला. एमएस्सी केली असती तर त्याच प्रयोगशाळेत एक पायरी वर गेलो असतो, आणि मला तर त्या प्रयोगशाळेतूनच बाहेर पडायचं होतं. पेटंटची भांडणं जवळून पाहिली होती, कायद्याची ओढ तिथून लागली.

एलएलएमला एलएलबी लागतेच, त्यामुळे मास्टर्सचा मार्ग नव्हताच. आणि तीन वर्षांच्या एलएलबीच्या नावात 'बॅचलर' असलं तरी पदवीशिवाय तिला प्रवेश मिळत नाही. ती करताना मागे गेल्यासारखं मला कधी वाटलं नाही. सीईटी दिली, सकाळचं कॉलेज मिळालं. रात्रपाळी संपवून थेट वर्गात. बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते, ती भरताना जीव मेटाकुटीला आला.

एक गोष्ट मी आधी विचारली नाही आणि ती महागात पडली. पगारी नोकरी चालू ठेवून वकिलीची सनद ठेवता येत नाही. हे मला तिसऱ्या वर्षाला कळलं, घराचे हप्ते चालू असताना. मग आणखी दीड वर्ष नोकरी करून पैसे साठवले आणि नंतरच काळा कोट घातला. ताई, तुम्ही कोर्सचं माहितीपत्रक वाचाच, पण त्याआधी त्या कामाचा परवाना कोण देतं आणि ते काय मागतात, हे बघा.

लातूर

माझी गोष्ट थोडी उलटी आहे. बीएस्सी, मग बीएड. गणित-विज्ञान शिकवत होते, पण मन मराठीत. म्हणून नोकरी करत बाहेरून एमए मराठी केलं, चांगल्या गुणांनी. वाटलं, आता नववी-दहावीला मराठी शिकवीन. अर्ज करायला गेले तर जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं: पदवीला मराठी विषय हवा. माझ्या पदवीला भौतिकशास्त्र! मास्टर्स वरची म्हणून खालचं सगळं त्यात आलं, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. त्या रात्री खूप रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पण तेच एमए सीनियर कॉलेजला चाललं. तिथे पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा लागते. सेट दुसऱ्या खेपेला सुटली. आता तासिका तत्त्वावर शिकवते, कायम जागेची वाट बघते. म्हणजे शाळेने माझी पहिली पदवी पाहिली आणि कॉलेजने दुसरी. दोन दारं, दोन वेगळ्या किल्ल्या. घरात बसून 'बीए मोठं की एमए मोठं' याचा खल करू नका. तुम्हाला जिथे काम करायचंय तिथल्या चार जाहिराती काढा आणि पेन्सिलीने खुणा करा.

पुणे

मी मेकॅनिकलचा इंजिनिअर, चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होतो. डेक्कन कॉलेजात बीईवर पुरातत्त्वाच्या एमएला प्रवेश मिळाला. पुन्हा बीए करायचा विचार केला नाही, तेवढे पैसेच नव्हते.

पहिलं सत्र फार जड गेलं. बरोबरच्या मुलांनी इतिहास किंवा संस्कृत तीन वर्षं वाचलेलं, आणि मला मौर्य आधी की सातवाहन आधी हेही आठवून सांगावं लागायचं. प्रत्येक तासाला वहीच्या मागच्या पानावर न कळलेले शब्द लिहायचो आणि संध्याकाळी ग्रंथालयात बसून एकेक सोडवायचो. दिवाळीपर्यंत पानं भरली होती. ब्राह्मी अक्षरं लोकलच्या पासामागे चिकटवली होती, तळेगाव ते शिवाजीनगर जाता-येता घोकायचो.

संग्रहालयात इनामगावच्या उत्खननात निघालेली भांडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मात्र सगळा शीण गेला. जोर्वे पद्धतीची ती तांबडी मडकी, त्यावर काळ्या रेघा. आमच्या गावाजवळ पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड आहे. लहानपणी तिथली खापरं पाण्यावर भाकऱ्या काढायला फेकायचो. आपण काय फेकत होतो हे त्या दिवशी कळलं.

उत्खननाला गेलो तिथे इंजिनिअरिंग उपयोगी पडलं. खड्ड्याच्या भिंतीतले मातीचे थर मोजून कागदावर उतरवायचे असतात, आणि ड्रॉइंग तर माझ्या हातातच होतं. सर म्हणाले, तुझी रेघ सरळ येते, आता ती रेघ कुठल्या काळाची ते शिक. मागचं शिक्षण वाया गेलं ही भीती तिथे संपली. पण पाया कच्चा राहिल्याचं अजून जाणवतं. संस्कृत मी आता, नोकरी करत, शिकतोय. तीन वर्षं वाचली खरी, पण तो अभ्यास कधीतरी करावा लागलाच. पगाराचं म्हणाल तर चाकणला मिळायचा त्यापेक्षा कमी आहे, आणि कामं प्रकल्पापुरती मिळतात. हे घरच्यांना आधी सांगा.

एडिसन, न्यू जर्सी

मुंबईतून अर्थशास्त्रात बीए, लग्नानंतर इकडे. कॉम्प्युटर शिकायचं होतं. इथे दुसरी बॅचलर्स करणारे पुष्कळ भेटतात, मीही तेच करणार होते. आमच्या तीन वर्षांच्या पदवीला इथली काही विद्यापीठं चार वर्षांच्या बरोबरीने धरत नाहीत, तीही भीती होती.

शेवटी मधली वाट सापडली. मास्टर्सला ज्या विषयांचं आधीचं ज्ञान हवं होतं, म्हणजे कॅल्क्युलस, डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स, तेवढेच कम्युनिटी कॉलेजात सुटे घेतले. तीन सत्रं लागली. त्या गुणपत्रिकेवर मास्टर्सला प्रवेश मिळाला. व्हिसाचा हिशेबही होता: एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या असतात, बॅचलर्सवाल्यांना त्या मिळत नाहीत. इथल्या प्रत्येकीने हा आकडा आधी बघावा.

नागपूर

मी बँकेत, वय ४६, बीए इतिहास. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी २०२० साली सुरू झाली, ती करते आहे. त्यांना वयाची अट नाही. दर आठवड्याला असाइनमेंट असते, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. फाउंडेशन, मग डिप्लोमा, मग पदवी, अशा टप्प्यांवर थांबता येतं, म्हणून हिंमत झाली. मास्टर्स मला झेपलंच नसतं. दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं. माझी लेक बारावीला आहे. रात्री एकाच टेबलावर दोघी अभ्यास करतो, आणि मॅट्रिक्स तिनेच मला समजावलं. बढती वगैरे मिळणार नाही. मला ती नकोच आहे.

आखेन, जर्मनी

थोडक्यात लिहितो. मुंबईतून बीएमएस, म्हणजे व्यवस्थापनाची पदवी, इकडे डेटा सायन्सच्या मास्टर्सला सात अर्ज, सातही नाकारले. इथले बरेच मास्टर्स आधीच्या पदवीला जोडून असतात आणि गणित-संगणकाचे इतके क्रेडिट हवेत असं मोजून बघतात. कामाचा अनुभव त्यात धरला जात नाही. म्हणून बॅचलर्सला पुन्हा बसलो, जर्मन भाषेत. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला शिक्षणशुल्क नाही, पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड' खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागले. वय २७, चौथं सत्र. वर्गातली मुलं १९ वर्षांची आहेत. मला आता त्याचं काही वाटत नाही.

सांगली

माझं अर्धवट राहिलं, तेही लिहावं म्हणते. बीएस्सीनंतर नऊ वर्षांनी इंग्रजी घेऊन बीएला बसले. पहिल्या वर्षी ७१ टक्के. दुसऱ्या वर्षी आईचं आजारपण आलं आणि सोडलं. पण खरं कारण फक्त आई नव्हती. इंग्रजीचे पेपर मला आवडायचे, बाकीचे अनिवार्य विषय नको व्हायचे. ते सगळं एकदा करून झालेलं होतं. मला साहित्य हवं होतं, पदवी नको होती. एमएला गेले असते तर कदाचित टिकले असते. अजून वाचते, आणि पुढच्या वर्षी एमएचा अर्ज करणार आहे.

कोल्हापूर

मी मानसशास्त्र शिकवते, एकवीस वर्षं झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक बातमी, कारण अनेकींचा बेत त्यावर अवलंबून असतो. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत. तेव्हा 'घरबसल्या एमए' हा पर्याय आता धरू नकोस. नियमित प्रवेशच घ्यावा लागेल. तुझ्या जवळच्या कॉलेजात एमएला पदवीचा विषय मानसशास्त्रच लागतो का, हे आधी विचारून ये. ठिकाणागणिक नियम वेगळे आहेत.

दुसरं, तुला नेमकं काय व्हायचंय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसतं एमए करून ती मिळत नाही. शाळेत किंवा संस्थेत समुपदेशक व्हायचं तर वाट निराळी. हे न ठरवता निघालेल्या मुली दोन वर्षांनी माझ्यासमोर बसून विचारतात, आता पुढे काय? तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता पायाबद्दल. कॉमर्सहून थेट एमएला आलेल्या विद्यार्थिनी मी पाहिल्या आहेत. संख्याशास्त्रात त्या बीएवाल्यांच्या पुढे असतात. प्रमाण विचलन, सहसंबंध हे तुम्ही बीकॉमला केलेलं असतं. आमची बीएची मुलं तिथेच घाबरतात. अडतात त्या प्रयोगात. बीएला प्रयोगवही असते. समोर माणूस बसवून, सूचना शब्दशः वाचून, घड्याळ लावून चाचणी घ्यायची, आणि त्याने उत्तर चुकवलं तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. ही सवय सावकाशच लागते. एमएत ती आलेली आहे असं धरूनच शिकवतात. तू चार वर्षं फोनवर माणसं ऐकते आहेस, म्हणजे ऐकणं तुझ्याकडे आहे. मोजणं आणि नोंदवणं शिकायचं राहिलंय.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबायची सोय आहे, आणि चार वर्षांची ऑनर्स केली तर एमए एका वर्षाचं. म्हणजे बीए म्हटलं की तीन वर्षं गेलीच, असं नाही. मुलगी लहान आहे, तेव्हा थांबायची जागा असलेली वाट बरी, असं माझं मत.

सातारा

कॉलेजच्या प्रवेश विभागातून निवृत्त झालो. कागदांचं सांगतो. दर वर्षी दुसऱ्या पदवीला येणारे लोक एकाच ठिकाणी अडतात: मूळ टीसी कुठे आहे ते माहीत नसतं. आधी शोधा. पहिलं विद्यापीठ वेगळं असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र काढायला द्या, त्याला वेळ लागतो. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. शैक्षणिक कर्ज घेतलंत तर व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, जुन्या करपद्धतीत असाल तर. तुम्ही हिशेबातल्या आहात, तुम्हाला ठाऊक असेलच.

नाशिक, पुन्हा मी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सांगलीच्या ताई, तुमचं मी तीनदा वाचलं.

लातूरच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे जाहिराती काढल्या. आठपैकी सहा ठिकाणी मानसशास्त्रात एमए हवंय, दोन ठिकाणी समुपदेशनाची पदविकाही चालते. मग इथल्या कॉलेजात गेले. एमएला पदवीचा विषय मानसशास्त्रच हवा म्हणाले. पुण्यात थेट मिळेल, पण मुलीला सोडून आठवडाभर तिकडे राहणं मला जमणार नाही. ते माझं मलाच ठरवायचं होतं आणि ठरलं.

बीएचं कॉलेज सकाळी सव्वासात ते बारा. मालकांशी बोलले. एक ते आठ काम, मार्चमध्ये दोन आठवडे पूर्णवेळ, पगार थोडा कमी. हो म्हणाले. सासूबाई आधी गप्प होत्या, रात्री म्हणाल्या, सकाळचा डबा मी बघते.

कोल्हापूरच्या मॅडम, क्लिनिकलचं आत्ताच ठरवता येत नाहीये. पहिल्या वर्षाची प्रयोगवही झाली की तुम्हाला लिहीन. टीसी सापडला, आईकडच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर. कुणाकडे एफवायबीएची मानसशास्त्राची जुनी पुस्तकं असतील तर सांगा, पोस्टाचा खर्च मी देईन.