आर्क्टिइडी मोडलं नाही, फक्त पायरी उतरलं

एखादा पतंग (फुलपाखरासारखा कीटक) जुन्या पुस्तकात आर्क्टिइडी या स्वतंत्र कुळात असतो आणि कीटक ओळखायच्या ॲपवर तोच पतंग एरेबिडी या कुळात, मग बरोबर कोण, असा प्रश्न पडतो. दोन्ही आपापल्या काळात बरोबर. आर्क्टिइडी हा गट फुटलेला नाही, तो एरेबिडीतलं उपकुळ, म्हणजे कुळाच्या आतला गट, झाला. लिमँट्रिइडी या पतंगांच्या दुसऱ्या जुन्या कुळाचंही तसंच.

खरी मोडतोड झाली नॉक्टुइडी या पतंगांच्या आणखी एका कुळाची. मागच्या पंखातली एक शीर ठळक असलेले कितीतरी पतंग पूर्वी त्यात होते. पण ठळक शीर हा पूर्वजांकडून आलेला जुना गुण. तो टिकला म्हणून नातं जवळचं ठरत नाही. २०११ च्या सुमारास आठ जनुकांची तुलना झाली, तेव्हा त्यांतले बरेचसे नॉक्टुइडीपेक्षा आर्क्टिइडीला जवळचे निघाले. आर्क्टिइडी वेगळं ठेवलं असतं तर उरलेला गट अर्धवट राहिला असता, म्हणजे एकाच पूर्वजाचे सगळे वंशज त्यात आले नसते, म्हणून एरेबिडी एवढं मोठं झालं.

मोसंबीतला रस शोषणारा पतंग आणि एरंडीवरची उंटअळी असेच एरेबिडीत गेले. हरभऱ्यावरची घाटेअळी मात्र नॉक्टुइडीतच आहे. मला हा बदल पटतो. पतंगाच्या नोंदीत प्रजातीचं पूर्ण नाव जरूर लिहा, कुळ नंतरही दुरुस्त करता येतं.