मदत हवी आहे : दहशतवादविरोधी कायदे आणि पक्षीय राजकारण

सप्रेम नमस्कार. अभ्यासमंडळातील टिपणासाठी मार्गदर्शन हवे आहे. राज्यसभेने फेटाळलेला 'पोटा' (दहशतवाद प्रतिबंधक कायदा) मार्च २००२ मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनात मंजूर झाला आणि सत्तांतरानंतर २००४ मध्ये रद्द झाला. मात्र मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, तो रद्द करणाऱ्याच सरकारने (मला हेच सर्वांत बोलके वाटते) यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) अधिक कठोर केला आणि एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) स्थापण्याचा कायदा आणला. १९९५ मध्ये संपलेल्या 'टाडा' या आधीच्या दहशतवादविरोधी कायद्याची कथा वेगळी आहे, ती तूर्त बाजूला ठेवतो. विरोधात असताना नागरी स्वातंत्र्याची काळजी करणारे पक्ष सत्तेत आल्यावर भूमिका का बदलतात, याची केवळ निवडणुकीपलीकडची कारणमीमांसा करणारे मराठी लेखन किंवा संसदीय चर्चांचे वृत्तांत कोणी सुचवू शकेल का?