'स्पोर्टिंग डायरेक्टर'ला मराठीत काय म्हणायचं?

मधली फळी:
एका साप्ताहिकासाठी इंग्लिश फुटबॉलवर लेख लिहितोय. 'स्पोर्टिंग डायरेक्टर' म्हणजे क्लबसाठी खेळाडू घेणं-विकणं बघणारा माणूस, त्याचं संपादकांनी सरळ 'क्रीडा संचालक' करून टाकलं. वाचलं की बालेवाडीचं सरकारी ऑफिस आठवतं, नाहीतर कॉलेजातले जिमखान्याचे सर. संघ खेळवणाऱ्या 'मॅनेजर'चं 'व्यवस्थापक' केलंय, तेही घशाखाली उतरत नाही. मँचेस्टर युनायटेडने जानेवारी २०२६ मध्ये आपला कोच रुबेन अमोरिमला काढलं. त्याच्या आदल्याच दिवशी लीड्सशी १-१ बरोबरी झाल्यावर तो पत्रकारांना म्हणाला होता की मी इथे मॅनेजर व्हायला आलो, कोच व्हायला नाही. आता हे 'मी व्यवस्थापक व्हायला आलो, प्रशिक्षक व्हायला नाही' असं छापलं तर लोकांना वाटेल गडी बढती मागतोय. काय करू?

चिंचवडकर:
हा क्रिकेटचा प्रताप. आपल्याकडे संघाचा मॅनेजर म्हणजे तिकिटं, हॉटेलच्या खोल्या आणि किटबॅगा बघणारा. त्यामुळे 'व्यवस्थापक' बाद. 'मॅनेजर' तसाच ठेवा, वाचणाऱ्यांना कळतो.

राईनकाठ:
इकडे जर्मनीत तर आणखी उलटं आहे. उली ह्योनेस १९७९ मध्ये वयाच्या २७व्या वर्षी बायर्न म्युनिक क्लबचा 'मॅनेजर' झाला, पण सराव घेणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. खेळाडू घेणं-विकणं, करार, पैसा हे त्याचं खातं. सराव घेणारा तो 'ट्रेनर'. म्हणजे इंग्लंडमध्ये ज्याला आज स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणतात तो इकडे कित्येक वर्षं मॅनेजर या नावानेच वावरला. इटलीत या कामासाठी रीतसर अभ्यासक्रम आणि परीक्षा आहे, फ्लोरेन्सजवळ कोव्हेरच्यानोला फेडरेशनचं केंद्र आहे तिथे. तिथले खेळाडू कोचला काय हाक मारतात? 'मिस्टर'. तिथल्या जेनोआ क्लबला १९१२ मध्ये विल्यम गार्बट नावाचा इंग्रज कोच आला, त्याच्यापासून हे पडलं असं सांगतात.

शाहू स्टेडियम:
शब्द राहू दे बाजूला. असला माणूस पाहिजेच कशाला? संघ ज्याने खेळवायचा त्यानेच खेळाडू निवडायचे, साधा हिशेब आहे. मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅनेजर म्हणून फर्ग्युसनने १९८६ ते २०१३ काढली, त्याच्या डोक्यावर कुणी डायरेक्टर बसवला नव्हता. आणि बसवला की काय होतं ते न्यूकॅसलला बघा. २००८ साली मॅनेजर केव्हिन कीगन आणि खेळाडू खरेदीला डेनिस वाइज. वाइजने सांगितलं, उरुग्वेचा इग्नासिओ गोन्झालेस घेतोय, यूट्यूबवर बघून घे. कीगनने बघितला आणि नको म्हणाला. तरी घेतला. का घेतला? दक्षिण अमेरिकेतल्या दोन एजंटांवर उपकार करायचे म्हणून! हे मी म्हणत नाही, पुढे लवादासमोर क्लबनेच सांगितलं. कीगन सप्टेंबरात सोडून गेला आणि २००९ मध्ये क्लबला २० लाख पौंड भरावे लागले. नाद करावा तर असा.

निळी रेघ:
दादा, तोच निकाल जरा पुढे वाचा. कीगन जिंकला तो त्याच्या डोक्यावर डायरेक्टर बसवला होता म्हणून नाही. खेळाडूंच्या बाबतीत शेवटचा शब्द मॅनेजरचा असं ठरलं होतं आणि क्लबने ते मोडलं, म्हणून जिंकला. क्लब पेपरांत सांगत होता की शेवटचा शब्द कीगनचा. लवादापुढे म्हणाला, छे, ती नुसती प्रसिद्धीसाठीची विधानं. घोळ तिथे आहे. दोन माणसं ठेवलीत हे ठीक, पण 'घ्यायचा की नाही' हे कोण ठरवणार ते कागदावर नको का?

आता दुसरी बाजू. स्पेनचा सेव्हिया क्लब २००० मध्ये दुसऱ्या विभागात घसरला होता आणि त्यांनी आपल्याच जुन्या गोलकीपरला, मोंचीला, या खुर्चीत बसवलं. ब्राझीलमधून डॅनी आल्वेस आणला, २००८ मध्ये बार्सिलोनाला विकला, आलेल्या पैशातून पुन्हा बांधणी. २००६ आणि २००७ चे यूएफा कप, मग २०१४, १५, १६ लागोपाठ युरोपा लीग. या दहा वर्षांत कोच किती आले-गेले! हुआंदे रामोस गेला, उनाई एमेरी आला, कारखाना चालू राहिला. खेळाडूचा करार पाच वर्षांचा असतो आणि कोच दीड-दोन वर्षांत बदलतो. प्रत्येक नव्या कोचने आपल्या आवडीचे सहा आणायचे आणि आधीच्याचे सहा बाकावर बसवायचे, हे कुठल्या क्लबला परवडतं?

लिव्हरपूलचा सालाह घ्या. २०१७ मध्ये मॅनेजर क्लॉपच्या मनात दुसरा खेळाडू होता. तिथला स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स आणि त्याची माणसं सालाहसाठी हटून बसली, हे क्लॉपनेच नंतर सांगितलं. मजा म्हणजे सालाहला रोमातून विकणारा कोण, तर तिथे नुकताच आलेला मोंची! वर्षभराने गोलकीपर ॲलिसनही त्यानेच लिव्हरपूलला दिला आणि मार्च २०१९ मध्ये स्वतः रोमातून बाहेर. तेव्हा माणूस जादूगार नसतो, हेही मान्य. पण फर्ग्युसनचं उदाहरण मला पटत नाही. फर्ग्युसन एकच झाला. त्याच्यासारखी २७ वर्षं आज कोण देतं?

शाहू स्टेडियम:
ताई, मग युनायटेडने डायरेक्टर आणला त्याचं काय झालं? डॅन ॲशवर्थ. त्याच्यासाठी न्यूकॅसलशी महिनोन्महिने भांडले, भरपाई दिली. जुलै २०२४ ला रुजू, डिसेंबरात घरी. खुर्ची ऊबदार व्हायच्या आत.

निळी रेघ:
ते खुर्चीचं अपयश की युनायटेडचं? टॉटनहॅमने ऑक्टोबर २००८ मध्ये उलटा प्रयोग केला. आठ सामन्यांत दोन गुण, म्हणून रामोसबरोबर (हो, सेव्हियावालाच) डायरेक्टर दामियाँ कोमोलीलाही काढलं आणि हॅरी रेडनॅपला एकट्याला आणलं. रेडनॅपने संघ चॅम्पियन्स लीगपर्यंत नेला, लोक म्हणाले बघा, डायरेक्टर नको. पण त्या संघातले बेल आणि मॉड्रिच आले कुणाच्या काळात? कोमोलीच्या.

म्हापशेकर:
'तांत्रिक संचालक' सुचवणार असाल तर थांबा. आमच्या गोव्यात त्या नावाखाली वेगळाच खेळ झालेला आहे. चर्चिल ब्रदर्सने २०१२-१३ ची आय-लीग जिंकली तेव्हा कागदावर कोच मारियानो डायस आणि टेक्निकल डायरेक्टर सुभाष भौमिक. प्रत्यक्षात डाव आखणारे भौमिकच, हे मैदानावर येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. त्यांच्याकडे ए-लायसन्स, म्हणजे कोचिंगचा वरचा परवाना, नव्हतं आणि नियमाप्रमाणे हेड कोचला ते लागायचं, म्हणून ही वाट. म्हणजे युरोपातला डायरेक्टर कोचच्या पाठीमागे ऑफिसात बसतो, आमचा कोचच्या शेजारी बाकावर बसून ओरडत होता. शिवाय फेडरेशनचा टेक्निकल डायरेक्टर म्हणजे आणखी तिसराच प्राणी, तो कोचांचे अभ्यासक्रम आणि मुलांच्या स्पर्धा बघतो.

चिंचवडकर:
'संचालक' मुळातच नको. संचालक मंडळावर बसतो, साखर कारखान्याचा असला तर निवडून येतो. हा पगारी माणूस. 'कारभारी' कसा वाटतो? स्वारीवर जाणारा सरदार वेगळा आणि घरचा जमाखर्च बघणारा कारभारी वेगळा.

शाहू स्टेडियम:
आमच्याकडे कारभारी म्हणजे नवरा. 'लिव्हरपूलचे नवे कारभारी' असा मथळा आला तर घराघरांत हशा.

राईनकाठ:
'संघबांधणी प्रमुख' म्हणा की. क्रीडा पानांवर 'संघबांधणी' रुळलेला शब्द आहे आणि कामही तेच. खेळाडू हेरणं, करार, अकादमीतून वर कोण येतंय ते बघणं, गरज पडली तर पुढचा कोच शोधून ठेवणं.

आणि 'मॅनेजर' व 'हेड कोच' हे तुमच्या लेखात एकाच शब्दात गुंडाळू नका. आर्सेनलमध्ये आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये हेड कोच म्हणून आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्याला मॅनेजर केलं, कारण खरेदीत त्याचं वजन वाढवायचं होतं. लिव्हरपूलने उलट केलं. क्लॉप मॅनेजर होता, २०२४ मध्ये आलेल्या आर्ने स्लॉटला हेड कोच हेच पद दिलं आणि पहिल्याच हंगामात तो लीग जिंकला. अमोरिमचंही पद हेड कोचच होतं. तो बढती मागत नव्हता, खरेदीतला वाटा मागत होता.

निळी रेघ:
मग त्याचं वाक्य असं करा: 'मी इथे संघाचा कारभार बघायला आलोय, नुसता सराव घ्यायला नाही.' कारभारी नको, पण कारभार चालेल.

मधली फळी:
हे वाक्य उचललं! 'संघबांधणी प्रमुख'ही घेतो. पहिल्यांदा येईल तिथे 'स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे संघबांधणी प्रमुख' असं लिहीन आणि पुढे नुसतं प्रमुख. लेखात एडवर्ड्सच्या हाताखालची ती खेळाडू हेरणारी टीमही आहे, 'रिक्रूटमेंट' विभाग. त्याला संपादकांनी 'भरती विभाग' केलंय.

म्हापशेकर:
मग पोरं धावण्याच्या चाचणीला येतील. 'निवड विभाग' करा.

शाहू स्टेडियम:
निवड म्हटलं की निवड समिती, परत क्रिकेट. 'शोध विभाग' लिहा. आणि लेखात कीगनचा यूट्यूबचा किस्सा टाकाच, तेवढं आमचं ऐका.